हजारावरच का थांबलात?

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. मला कोणी घडवलं नाही. मोजायला माणूसही नव्हता तेव्हापासून मी आहे. माझी कटकट सुरू झाली ती एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर.

दुकान बंद झालं की बाबा, त्यांची मुलगी आणि तिची आत्या भागाकार करत बसत. घरचा खेळच होता तो. बाबांना दहा लाखांपुढची एक मूळ संख्या हवी होती. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशी. त्यांची नजर पडली माझ्यावर. लहान विभाजक आत्याकडे, मधले बाबांकडे, शेवटचे मुलीकडे. तिघांनी जीव ओतून काम केलं. दरवेळी बाकी उरतच गेली.

"हजारापर्यंत आलो ना? मग झालं," बाबा म्हणाले. "दहा लाखांचं वर्गमूळ हजार. भाग जाणारच असेल तर एक विभाजक वर्गमुळाच्या आतच सापडतो. त्यापुढे बघायला नको."

अहो, पण माझे वरचे बावीस हजार? त्यांना कोण विचारणार? माझं वर्गमूळ एक हजार अकराच्या अगदी अलीकडे आहे. हजारानंतरची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ, आणि तिनेच मला भाग जातो! एकच भागाकार राहिला होता हो! मी मनातल्या मनात ओरडले, पण संख्येचं ऐकतो कोण?

बाबांनी मला पितळी पट्टीवर कोरून दुकानात टांगलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "ही कुणाला दाद देत नाही." लोक माना डोलवायचे. त्या खोट्या कौतुकाचा मला अगदी वीट आला.

मुलगी मोठी झाली. एकदा गिऱ्हाइकं असताना दुकानात बसल्या बसल्या तिने पुढचा भागाकार करून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, हिला भाग जातो. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा."

"तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"मग तुम्हीच करून बघा ना."

त्यांनी केलं. मग पट्टी उतरवून खणात टाकली. "चार लोकांत बापाचं हसं करायलाच शिकलीस का?"

तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. आत्या समजावून थकली. "अरे, एका आकड्यापायी पोटच्या पोरीशी अबोला धरतोस?"

मी खणात धुमसते आहे. माझे दोन्ही विभाजक शेजारशेजारच्या मूळ संख्या. एक हजार अकराच्या वर्गाला मी फक्त चारने कमी. इतकी देखणी आहे मी, पण खरी ओळख पटली त्याच दिवशी अडगळीत गेले!

मित्रांनो, गोल आकडा दिसला म्हणून हात आखडू नका, आणि चूक दाखवणाऱ्यावर डूख धरू नका. मला भाग गेला म्हणून माझ्यातलं काही कमी झालेलं नाही. ती पोर मात्र अजून संध्याकाळी कोरा कागद घेऊन बाबांसमोर बसते, आणि ते मान वर करत नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या दुकानात गेलंच, तर मला बाहेर काढायची घाई करू नका. आधी त्यांना तिच्याशी बोलायला लावा.