उकडलेल्या बटाट्याची साक्ष

टायरच्या दुकानामागच्या गोदामात मुंगीला शिरायला वाव नव्हता. जो तो हातात बटाटा धरून उभा. रात्रभर उशाशी ठेवलेला बटाटा महाराज मधोमध चिरत, काचेच्या वाडग्यातल्या ‘सिद्धजला’त टाकत, आणि बघता बघता फसफसून पांढरा फेस वर येई.

“रोग म्हणजे उंदीर,” महाराज सांगत. “झोपेत तुमच्यातून निघतो, बटाट्याच्या बिळात शिरतो. जेवढा फेस, तेवढा रोग. डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद. आठव्या दिवशी नवा बटाटा आणा, मी तो वाफेत शुद्ध करीन. फेस आला नाही की समजा, उंदीर पळाला.”

रांगेत कारखान्याच्या कँटीनमधली स्वयंपाकीणबाई होती, सोबत तिचा धाकटा भाऊ. भाऊ शिंपी. रक्तात साखर, पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. गोळ्या सोडल्यास तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भाऊ गोळ्यांना विटला होता. महाराजांनी सांगायचा अवकाश, गोळ्या गटारात टाकायला तो तयारच होता.

नंबर आला तसे त्याने खिसे चाचपले. “ताई, बटाटा उशाशीच राहिला की.”

“डोकं तरी आणलंस का?” ताईने पिशवीत हात घालून सालासकट एक बटाटा काढला आणि पुढे केला.

महाराजांनी चिरला, टाकला. पाणी ढिम्म. महाराज जरा गडबडले, मग म्हणाले, “याला कसलाही रोग नाही.”

भावाने गोळ्यांची पट्टी फेकायला बाहेर काढलीसुद्धा.

“थांब,” ताई म्हणाली. “काल याची साखर तीनशे होती. अंगठ्याला बँडेज, आणि रोग नाही?”

मग तिच्या ध्यानात आलं. पिशवी कँटीनमधली, निम्मे बटाटे सकाळीच उकडलेले. तिने चाचपून एक कच्चा काढला, चिरून स्वतःच वाडग्यात टाकला. फेस उतू गेला.

“हा तर थेट पोत्यातून आलाय. पोत्याला कोणता रोग, महाराज?”

गोदामात हशा पिकला. असाच फेस ताईने भावाची जखम धुताना पाहिला होता. ती समोरच्या दवाखान्यातून सिस्टरला हाताला धरून घेऊन आली. महाराज वाडगा उचलून निघाले होते, पण दारात त्यांचीच गर्दी.

सिस्टरने आपल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या वाडग्यात ओतलं. कच्च्या बटाट्याला फेस, उकडलेल्याला नाही.

“हे जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड,” ती म्हणाली. “बटाट्यात एक प्रथिन असतं, तसलंच रक्तातही असतं. ते याचं साधं पाणी आणि प्राणवायू करतं. प्राणवायूचे बुडबुडे म्हणजे हा फेस.”

“मग उकडल्यावर ते प्रथिन जातं कुठे?” भावाने विचारलं.

“कुठे जात नाही, उसवतं. प्रथिन म्हणजे लांब दोरा, ठरावीक घड्या घातलेला. घडी धरून ठेवणारे बंध नाजूक, उष्णतेने सुटतात. दोरा शाबूत राहतो, पण घडी मोडते. आणि काम करते ती घडीच.”

“म्हणजे कच्चे टाके,” शिंपी म्हणाला. “टाके सुटले की कापड तेवढंच, पण सदरा नाही.”

“आणि आठव्या दिवशी वाफेत शुद्ध करतात ते?” मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“आजोबा, त्याला आम्ही उकडणं म्हणतो,” ताई म्हणाली. “मी तीस वर्षं करतेय.”

भावाने गुपचूप एक गोळी काढली आणि महाराजांच्या सिद्धजलाच्या तांब्याकडे हात नेला.

“नळाचं पी,” ताई म्हणाली.

तो नळाचंच प्यायला. अंगठा अजून त्याच्या पायाला आहे.

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा. पण त्याआधी विचारा, हाच बटाटा उकडून आणला तर?