स्लॅबवरचं वाळवण

सरपंच झाल्यापासून गावात मला सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणारं माणूस एकच, आणि ते माझ्याच घरात राहतं. माझ्या सासूबाई, हरणाबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

भूमच्या पलीकडच्या आमच्या गावाला सरकारनं सौरग्रामचं उद्दिष्ट दिलं होतं. मे संपायच्या आत घरटी सोलर, त्याला सरकारी अनुदान. एकूण एक घर झालं तर गावच्या नळाच्या पंपालाही सोलर मिळणार होतं. म्हणजे लाईट कधी येते म्हणून बायांनी घागरी घेऊन ताटकळायचं कारण नाही. मी पदर खोचून गाव पालथं घातलं. रुसलेले मनवले, अडलेले हलवले. शेवटी राहिलं एकच घर, सरपंचाचं. दिव्याखाली अंधार, असं लोक आता माझ्या तोंडावर म्हणायला लागले.

आमचं घर उंचवट्यावर, भोवती झाड नाही. त्यामुळे चैत्र लागला की अख्ख्या गल्लीचं वाळवण आमच्या स्लॅबवर. कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं. आत्या बाजेवर बसून हुकूम सोडणार आणि बाया हसत-खिदळत ते ऐकणार. सोलरचा विषय काढला की आत्यांचं ठरलेलं उत्तर, "मग वाळवण काय तुज्या डोक्यावर घालू?" वैजनाथ, म्हणजे माझे यजमान, एसटीत कंडक्टर आहेत. घरात वाद पेटला की त्यांना हमखास ड्युटी लागते.

मग एके दिवशी आत्या शेजारच्या लक्ष्मम्मांकडं बसलेलं सोलर बघून आल्या. प्लेटांवरून हातबीत फिरवून आल्या आणि म्हणाल्या, "बसव बाई. पर लई उंच नगं. माज्या हाताला आलं पायजे, पुसायला."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश. प्लेटा कमरेच्या उंचीला बसल्या.

जिल्ह्याची तपासणी तोंडावर आली, तेव्हा वीज खात्याच्या इंजिनिअर महेश्वरी मॅडम आधी एकदा बघून जायला आल्या. मोबाइलवर घराघराची वीज बघत होत्या. सगळी घरं झकास वीज करत होती, एक सोडून.

"सरपंचबाई, तुमच्याच घराचं निम्मंसुद्धा येत नाही. झाडाची सावली पडते का?"

"झाड आहे कुठं आमच्याकडं?" असं म्हणत मी त्यांना घेऊन वर गेले.

प्लेटांवर आत्यांचं जुनं पांढरं लुगडं ओलं करून चापूनचोपून बसवलेलं, आणि त्यावर ओळीनं कुरडया. आत्या हातात सोऱ्या घेऊन शेवटची ओळ घालत होत्या. चार बाया चिकाचं पातेलं धरून उभ्या.

"या, या," आत्या मॅडमना कौतुकानं म्हणाल्या. "तव्यावानी तापती बगा ही काच. दोन दिसाचं काम एका दिसात."

माझं डोकंच फिरलं. परक्या बाईसमोर मी ओरडले, "आत्या, तुमच्या कुरडयांपायी अख्ख्या गावाचं पाणी अडेल!"

आत्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

"कुरडयाचं काय घिऊन बसलीस? कुरडया म्या अंगणात बी वाळवीन. पर अंगणात बाया थांबत न्हाईत. तू सकाळी जातीस ती दिवेलागणीला येतीस. वैजनाथ गाडीवर. उन्हाळ्यात तेवडं माज्याकडं माणूस येतं. वाळवण गेलं की तेबी गेलं."

मला फार वाईट वाटलं. गावातल्या घराघरात जाऊन मी माणसांची अडचण विचारली होती, आणि घरातल्या माणसाला फक्त "बसवायचं का नाही" एवढंच विचारलं होतं.

महेश्वरी मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या, उमरग्याकडच्या; कुरडयांचा चीक त्यांना नवा नव्हता. त्यांनी कुणाला न विचारता पातेल्यातला गरम चीक हातावर घेतला, चाटला आणि म्हणाल्या, "मग उंच चौकट का नाही घेतली? प्लेटा डोक्यावर गेल्या की खाली स्लॅब मोकळाच."

मी आत्यांकडं बघितलं. आत्या कुरडयांकडं बघायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी फिटर येऊन चौकटीला लांब पाय लावून गेले. वैजनाथांनी चक्क रजा टाकली. प्लेटा वर गेल्या तशा आत्या खाली शिरल्या आणि घर विकत घेणाऱ्या माणसासारख्या चारी कोपऱ्यांत हिंडून आल्या.

"शेवया आन् पापड सावलीतच वाळत्यात," त्यांनी निकाल दिला. "कुरडयाला पुडची कड पुरं."

तपासणीच्या दिवशी जिल्ह्याचे साहेब आले. सगळी घरं बघून झाली, गाव पास झालं, पंपाचं सोलर मंजूर म्हणून त्यांनी तिथंच सांगितलं. मला आनंदानं रडूच यायला लागलं होतं. शेवटी साहेब आमच्या स्लॅबवर आले. प्लेटांखाली बाया शेवया पसरत होत्या. आत्या बाजेवर. काय बोलायचं ते मी त्यांना आठवडाभर पढवलं होतं.

"आजी, सोलरचा काय फायदा झाला?" साहेबांनी विचारलं.

"सावली झाली," आत्या म्हणाल्या.

बाया फिसकन हसल्या. मी साहेबांच्या मागून खुणा करत होते, बिल, बिल.

"व्हय, बिल बी येत न्हाय म्हनं," आत्या म्हणाल्या. "पर आता भर उन्हाच्या बाया हितनं उठत न्हाईत. आन् ही सरपंचीण. पंचायतीत बायांच्या मिटिंगला कुनी यायचं न्हाय, म्हनून आता मिटिंग बी हितंच घेती. सरपंच झाल्यापासनं पहिल्यांदा माजी सून दुपारची घरात दिसती."

साहेब हसले, चपला काढून बाजेच्या कडेला टेकले. मी चहा टाकायला जिन्याकडं निघाले.

"तू बस," आत्या म्हणाल्या. "च्या लक्ष्मम्मा टाकंल."

मी बसले.