थांबलेली लाट

मित्रांनो, हवामान कचेरीच्या जिन्याखाली ठेवलेले मी एक जुने टेबल आहे. पाठ काचेची आणि पोटात दिवे. नकाशे काढता यावेत म्हणून सुताराने मला असे बनवले.

आकाशात फार उंचावर वारा नदीसारखा वळणे घेत पळतो. फुगे सोडून त्याचा माग काढत. मग नकाशेवाल्या ताई माझ्यावर कागद पसरून ती वळणे पेन्सिलीने काढत. कालचा नकाशा खाली, आजचा वर. माझ्या उजेडात वाऱ्याची लाट किती सरकली ते लगेच दिसे. लाटेच्या एका वळणाखाली ऊन तापे, दुसऱ्याखाली पाऊस पडे. लाट सरकली की हवा पालटे. "या टेबलावाचून आमचं पान हलत नाही," असे सगळे म्हणत आणि मला धन्य वाटे.

एका उन्हाळ्यात मात्र ती लाट खूप मोठी झाली आणि आमच्या डोक्यावर ठाण मांडून बसली. कालच्या रेघेवरच आजची रेघ येई.

"साहेब, ही हलत नाहीये. ऊन वाढतच जाणार," ताई म्हणाल्या. साहेबांनी लगेच इशारा दिला. रेडिओवर तो दिवसभर चालू होता.

ताईंचे वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चाळीच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत एकटे राहत. ताईंनी त्यांना माझ्याशेजारच्या फोनवरून गाठले.

"बाबा, माझ्याकडे राहायला या. निदान खालच्या शेजाऱ्यांकडे तरी बसा."

त्यांचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "अगं, जन्मभर ऊन अंगावर काढलंय मी. दोन दिवसांत उतरेल."

"नाही उतरणार, बाबा. मी रोज बघतेय ना!"

"तुझं आपलं काहीतरीच. सवड झाली की ये."

सवड झाली नाही. कचेरीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग एके सकाळी ताईंनी फोन लावला, तर तिकडे तो नुसता वाजतच राहिला. शेजाऱ्यांनी दार तोडले, तेव्हा सगळे संपले होते.

ताई कामावर परतल्या, त्या दिवशी लाट पुढे सरकली होती. बाहेर गार वारा सुटला होता. त्यांनी रेघ पुरी केली, आणि मग माझ्या काचेवर डोके टेकून रडल्या. मी काय करणार? उजेड देण्यापलीकडे मला काही येत नव्हते.

पुढे संगणक आले, ताई निवृत्त झाल्या. आता माझ्यावर बादल्या ठेवतात. वाईट वाटते, पण त्याचे फार नाही; त्या न उचललेल्या फोनचे जास्त.

मित्रांनो, वरचा वारा कोणाच्या हातात नाही. पण तापलेल्या खोलीत आपले कोणी एकटे असेल, तर नुसता फोन करू नका. जा, आणि हाताला धरून घेऊन या.