गालावरचा हात

मुलांनो, डोळे मिटा पाहू. छे, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? बरं, उघडेच ठेवा, पण मनातल्या मनात माझ्याबरोबर एका रस्त्यावर चला. बाजाराचा रस्ता आहे. चपलांचं दुकान, त्याला लागून शिंपी, त्याचं यंत्र खडखडतंय. समोर नगरपालिकेची बैठी इमारत आणि तिला दोन दारं. डाव्या दारावर पाटी आहे, दातांचा दवाखाना. उजव्या दारावर पाटी आहे, लैंगिक आरोग्य केंद्र. उजव्या दाराबाहेर, ओट्यावर, एक लांब लाकडी बाक आहे. त्यावर चिटपाखरू नाही. डाव्या दाराची रांग मात्र पार पायऱ्यांपर्यंत आलेली, आणि रांगेतला जो तो गालावर हात धरून उभा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांचे दात किडले तरी कसे?

गंमत अशी, की त्यातल्या बऱ्याच जणांचे दात ठणठणीत होते. दोन्ही दवाखान्यांच्या मधे, आतल्या बाजूला, एक दार होतं. गाल धरून डावीकडून आत शिरायचं आणि त्या दाराने हळूच उजवीकडे जायचं. शरीराचे जे भाग आपण कपड्यांखाली ठेवतो, त्यांनाही इतर भागांसारखीच दुखणी होतात आणि औषधाने ती बरीही होतात. पण तसलं दुखणं घेऊन भर बाजारात त्या बाकावर बसायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळीकडे बोभाटा. दातदुखीला कोण नाव ठेवतं?

ही युक्ती भिंगरीला ठाऊक होती. भिंगरी तेरा वर्षांची. घरात, शाळेत, कुठेच एका जागी टिकायची नाही, म्हणून तिला हे नाव पडलेलं. मागच्या वर्षी तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा रक्त पाहून ती हादरली. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, आता आपण काही वाचत नाही, असं धरून ती कोपऱ्यात गप्प बसून राहिली. विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा होता, पण बाईंनी भराभर पानं उलटत सांगितलं होतं, "हे घरी वाचा." घरी कोण वाचतंय? शेवटी मावशीने तिला बोलतं केलं आणि "गालावर हात ठेव, तोंड जरा वाकडं कर," असं म्हणत इथे आणलं. केंद्रातल्या सिस्टरने कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. हे दुखणं नाही, अंग मोठं होतंय, एवढंच. भिंगरी इतकी खुशीत बाहेर पडली, की गाल धरायचंच विसरली. मावशीने तिचा हात उचलून परत गालावर ठेवला.

मावशी स्वतःही दुखणं कितीतरी महिने अंगावर काढून शेवटी इथेच बरी झाली होती. तेव्हा तिच्यासोबत भिंगरीची आई आली होती. तीही गाल धरून.

आणि आज भिंगरीच्या आईच्या हातात या दवाखान्याचं मरण होतं, नाहीतर जगणं.

आई होती नगरसेविका. केंद्र चालू ठेवावं, तिथे आणखी एक डॉक्टर द्यावा, आणि सिस्टरने दर आठवड्याला शाळेत येऊन मुलांना शरीराची माहिती सांगावी, असा प्रस्ताव होता. नगरपालिकेच्या समितीने जागेवर यायचं, पाहायचं आणि तिथेच हात वर करून मत द्यायचं, असं ठरलं. आईने सिस्टरला शब्द दिला होता. पण सकाळी पक्षाच्या कचेरीतून फोन आला. आई कितीतरी वेळ नुसतं "हो साहेब... बघते साहेब..." म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती भिंगरीच्या नजरेला नजर देईना.

शाळेला सुट्टी, म्हणून भिंगरीही बरोबर आलेली. "खाली उभी राहा," आई म्हणाली. "आणि एका जागी उभी राहा."

समितीबरोबर आलेल्या नगरपालिकेच्या उपाध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं. ओट्यावर चढल्या चढल्या त्यांनी बाकावर टकटक केलं. "सागवान आहे हो! आणि बसलंय कोण, तर धूळ!" त्यांनी बाकावरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. मंडळी हसली. "काय सिस्टर, येतं का कोणी?"

"येतात. पुष्कळ येतात."

"मग आहेत कुठे? कपाटात ठेवलेत?"

पुन्हा हशा. सिस्टरची नजर रांगेकडे गेली आणि लगेच मागे फिरली. ती अर्धी रांग माझी आहे, एवढं तिने म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग गाल धरून उभा असलेला प्रत्येक माणूस बाजारासमोर उघडा पडला असता. दातांचे डॉक्टर आपल्या दारात उभे राहून चष्मा पुसत होते. चष्मा कधीच स्वच्छ झाला होता.

"नावं तरी सांगा," उपाध्यक्ष म्हणाले.

"नावं सांगणार नाही. ती न सांगण्यासाठीच मी इथे बसते."

"बसा, बसा, बाक रिकामाच आहे!" त्यांनी मंडळींकडे पाहिलं. "माझं म्हणणं सरळ आहे. इथे माश्या मारणं चाललंय आणि तिकडे दातांना जागा पुरत नाही. मधली भिंत पाडा आणि ही खोली दातांना द्या. आणि शाळेतल्या तासाचं म्हणाल, तर मुलांना असले प्रश्न पडतच नाहीत. आपण कशाला डोक्यात घालायचे?"

रांगेतले गालावरचे हात आणखी घट्ट झाले. रांगेच्या मध्यावर, पदर पार नाकापर्यंत ओढलेल्या एक बाई होत्या. भिंगरीने त्यांना चपलांवरून ओळखलं. त्या विज्ञानाच्या बाई होत्या.

हात वर झाले. मतं समसमान पडली.

"ताई, तुमचं राहिलं," उपाध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

आईचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता. तो तिथून हलेना. ती एकदा सिस्टरकडे बघत होती, एकदा खाली जमिनीकडे. आई नाही म्हणाली की संपलं. मला निदान मावशी होती, भिंगरीच्या मनात आलं, ज्यांना मावशी नाही त्यांनी काय करायचं?

ती निघाली. सवयीने हात गालावर गेला होता. रांगेतल्या लोकांनी तिला वाट दिली. पण पायऱ्या चढून ती डावीकडे वळलीच नाही. ती उजवीकडे गेली आणि बाकाच्या मधोमध बसली.

"अगं बाळ," उपाध्यक्ष हसले, "दातांचं तिकडे."

भिंगरीने गालावरचा हात काढला. "माझे दात चांगले आहेत, काका. मला सिस्टरना एक विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"ते सिस्टरना सांगीन."

शिंप्याचं यंत्र थांबलं. चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक एका पायात चप्पल घालून बाहेर आलं. उद्या शाळेत काय काय ऐकावं लागेल, ते भिंगरीला आत्ताच ऐकू येत होतं. कान तापले. पाय पळायला बघत होते. तिने ते बाकाखाली एकमेकांत अडकवून ठेवले.

"ऊठ," आई दबक्या आवाजात म्हणाली. "भिंगरी, ऊठ तिथून."

भिंगरीने नुसती मान हलवली. डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही. आईने आपल्या मुलीला इतकं स्थिर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, पोरीला घरी पाठवा, शोभतं का हे?" उपाध्यक्ष म्हणाले. "आणि मत सांगा."

"सांगते." आईचा आवाज आधी चिरकला, मग सापडला. "इथे कोणी येत नाही म्हणालात ना? मी आले होते. डावीकडच्या दाराने, गाल धरून. माझेही दात चांगलेच आहेत." आणि तिने पर्सचा पट्टा सोडून हात वर केला.

कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच रांगेकडे सरळ पाहिलं.

रांगेतला तो पदर नाकाखाली आला. विज्ञानाच्या बाईंनी गालावरचा हात खाली घेतला, पण पाय काही पुढे पडेना. त्या बाकाकडे पाहत राहिल्या, मग भिंगरीकडे.

भिंगरी बाकाच्या टोकाला सरकली आणि शेजारच्या जागेवरची धूळ तिने आपल्या तळव्याने पुसून काढली.