मी शांत केलेला पंखा

माझ्या पायाशी ठेवलेला कॉम्प्युटर महिनाभर केकाटत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो मालकाच्या तोंडावरून. नंदीश दारात उभा राहून म्हणाला, "मामा, ह्या कॉम्प्युटरचा पंखा किती ओरडतोय. तुमचं डोकं उठत नाही का?"

"उठतंय की," मी म्हणालो. "पण काम तर करावं लागतंय."

असं खोटं मला झटकन सुचतं. सात वर्षं त्या ऑफिसात मी त्याच्यावरच काढली. माझा डावा कान पार गेलाय आणि उजव्यात थोडं उरलंय. थोडं म्हणजे किती, तर समोरच्यानं मोठ्यानं, सावकाश सांगितलं तर शब्द पोचतो. बाकी सगळं मी ओठांवरून वाचतो. ह्यात माझी हुशारी काही नाही. मागांच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या कुणालाही ते येतं. चाळीस माग एकदम धडधडायला लागले की शेजारच्याचं बोलणं कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. मग सगळे ओठ हलवतात, बोटं नाचवतात आणि गप्पा मजेत चालतात.

शेडमध्ये मी जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. केम गावाहून आलो तेव्हा पान्यानं नट फिरवायचंसुद्धा कळत नव्हतं. पण चादरीची नक्षी कुठं चुकली ते मला कापड बघून कळायचं. म्हणून थोरल्या मालकांनी, रुद्रप्पांनी, मला वर ऑफिसात आणून कॉम्प्युटरवर बसवलं. तिथं मी नक्षी काढायची, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची, ती कार्डं मागावर चढायची आणि चादरीवर मोर उतरायचा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दोन वर्षांमागं ते गेले आणि त्यांचा हा नंदीश खुर्चीत बसला.

कानाच्या डॉक्टरांनी तेव्हाच मला कागदावर लिहून दिलं होतं की शेडमध्ये परत गेलात तर उजवाही जाईल. तो कागद फक्त माझ्या बायकोनं, वच्छलानं, बघितलाय. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र लावा. लावलं की ते दिसणार, आणि दिसलं की संपलं. गिऱ्हाईक येतं, रंग सांगतं, माप सांगतं. तिथं बहिरा माणूस कोण बसवून घेईल?

आणि त्या उजव्या कानावर माझी पोरगी आहे. उत्कर्षा पुण्यात नर्स आहे, दर रविवारी फोन करते. ती सावकाश, मोठ्यानं बोलते, मी फोन कानात खुपसतो आणि निम्मंअर्धं ऐकतो. वच्छला म्हणते, व्हिडिओ लावा की, ओठ दिसत्यात. ओठ काय करायचेत मला? ओठ मी दिवसभर सगळ्या जगाचे बघतो. पोरीचा आवाज पाहिजे मला.

नंदीशनं दोनदा विचारून झालं होतं. "मामा, शेडमध्ये परत या की. आजकाल जॉबर मिळत नाहीत, नवीन माणसं मागाला हात लावायला तयार नाहीत." दोन्ही वेळा मी कंबर पुढं केली. कंबर लई दुखते, खाली वाकता येत नाही, असं सांगितलं. दोन्ही वेळा त्यानं विषय सोडला, पण त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं.

तर त्या दिवशी नंदीश म्हणाला, "उद्या मेकॅनिकला बोलावतो."

मेकॅनिक येणार, म्हणजे विचारणार. आवाज सुरू करताना येतो की सारखा येतो? घरघर आहे की शिट्टी आहे? कालच्यापेक्षा वाढलाय का? मी काय सांगणार होतो, कपाळ?

"मेकॅनिक कशाला, मालक?" मी म्हणालो. "एवढाले माग दुरुस्त केले मी. वीतभर पंख्याला मेकॅनिक?"

"कंबर दुखते ना तुमची?"

"बसून करायचं काम हाय की हे."

माझ्यासमोरच्या टेबलावर पूनम बसते, बिलं करते. ती समोर बसते म्हणून माझं निभावत होतं. माझ्याशी कोण मागून बोललं की तिची नजर माझ्या खांद्यावरून जायची, मी ती धरून वळायचो. तिला काही कळलं असेल असं मला कधी वाटलं नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "करा बाई मामा लवकर. महिना झाला, माझं डोकं फुटायची वेळ आलीय." महिना झाला, आणि ही बया माझ्यासमोर बसून एका शब्दानं बोलली नव्हती. मग मलाच वाटलं, बोलली असेल. मान खाली घालून बोलली असेल आणि मी मोरांच्या पिसात गुंतलेला असेन.

सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसची किल्ली घेऊन निघालो. वच्छला म्हणाली, "मी येऊ का संगं? आवाज गेला का न्हाय ते ऐकून सांगते."

"मला मशीन शिकवती का आता?" मी खेकसलो तिच्यावर. "एकोणीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

ती आत गेली. तिला बरोबर नेलं असतं तर आज मी हे सांगत बसलो नसतो. पण तिनं ऐकायचं आणि मी तिच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं, हे मला झेपणारं नव्हतं. माणसाला कशाची मस्ती असेल सांगता येत नाही. मला माझ्या हाताची होती.

जॉबर कानानं माग तपासत नाही. शेडमध्ये कानाचा उपयोगच नसतो. तो मागावर तळहात ठेवतो. कुठला नट ढिला आहे, कुठं घासतंय, सगळं हाताला कळतं. माझ्या गुरूनं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि माझा हात सगळ्या कारखान्यात नावाजलेला होता. पेटी उघडायच्या आधी मी कॉम्प्युटर चालू केला आणि तिच्यावर हात ठेवला. तळहाताला मुंग्या आल्या, इतकी थरथर. मला बरं वाटलं. दुखणं सापडलं होतं.

तो बंद करून पेटी उघडली. आत सुताची धूळ अशी बसलेली की पंखा दिसेना. ब्रशनं सगळी काढली. पंख्यामागचा गोल कागद उचलून मागाच्या तेलाचा एक थेंब सोडला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापले आणि पंखा जिथं पत्र्याला टेकतो तिथं चारी कोपऱ्यांत घातले. परत चालू केलं, हात ठेवला. काही नाही. थरथर नावाला नाही. दहा मिनिटं मी तसाच हात ठेवून बसलो, आणि खरं सांगतो, लई दिवसांनी स्वतःवर खूष झालो.

दुसऱ्या दिवशी नंदीश एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. मोडनिंबला त्याचं मोठं दुकान होतं, लग्नसराईच्या चादरींची नक्षी बघायची होती. मी कॉम्प्युटर चालू केला. आणि कुणी विचारलं नसताना, माझ्याच तोंडानं, मी म्हणालो, "बघा मालक, पंखा कसा केलाय. आता टाचणी पडली तरी ऐकू येईल."

गिऱ्हाईक हसायला लागलं. नंदीशही हसला. मी चेष्टा केली असं त्यांना वाटलं. मीही हसलो, कौतुकानं हसतायत असं समजून. पूनम मात्र हसली नाही. तिचा हात कीबोर्डवरच थांबला. तिनं माझ्या पायाशी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दया आली होती तिला.

रबरानं थरथर खाल्ली होती. आवाज होता तिथंच होता.

"मामा, खरंच गेला म्हणता आवाज?" नंदीशनं विचारलं. तो आता हसत नव्हता.

अजून वेळ होता. चेष्टा केली हो, असं म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण माझा माझ्या हातावर विश्वास होता. मी म्हणालो, "पार गेला. हात लावून बघा की."

नंदीश पुढं झाला. हात लावायला वाकतोय असं वाटलं, पण तो माझ्या मागं, डाव्या अंगाला गेला. मी पूनमकडं बघितलं. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेलेली, पण मी वळायच्या आत तिनं ती खाली टाकली. मला वाचवायचं का बुडवायचं हे तिला ठरवता आलं नसेल. मग ती दचकली. गिऱ्हाईकही दचकलं. मी एकटाच न दचकता तिच्याकडं बघत बसलो होतो. शेवटी पूनमचे ओठ हलले, "मामा, मागं बघा."

मी वळलो. नंदीशचे दोन्ही हात टाळी वाजवून एकमेकांत अडकलेले होते.

नक्षी पसंत पडली, चहा झाला, माणूस गेला. मग नंदीशनं मला आत बोलावलं. खुर्ची दिली, ह्याच्या आधी कधी दिली नव्हती. आणि लहान पोराशी बोलावं तसं तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाला, "मामा, आधी सांगायचं की. मी उगीच इतके दिवस थांबलो. तुम्हाला ऐकूच येत नाही, मग शेडच्या आवाजाचा तुम्हाला काय त्रास? सोमवारपासून खाली या. कॉम्प्युटरला मी दुसरा माणूस बघतो."

सात वर्षांत त्या ऑफिसात मला एक अख्खं बोलणं कानानं ऐकू आलं, ते हे.

रागाच्या भरात मी पहिल्यांदा खरं बोललो. "मालक, उजव्या कानात अजून थोडं हाय. पोरीचा फोन ऐकतो मी त्यानं. डॉक्टरनं लिवून दिलंय, तितं गेलो तर तेबी जाईल."

नंदीशनं टेबलावरचा मोबाईल सरळ केला. मग माझ्याकडं बघून तो काहीतरी म्हणाला. ह्या वेळी तो मोठ्यानं बोलला नाही, मला ते ओठांवरून वाचावं लागलं.

"थोडंच ना, मामा."