वाळूच्या गाडीला नवे एक्सल

वाळूला मी तीन वेळा नाय म्हटलं. चौथ्या वेळी तो बायकोला घेऊन आला.

सापगावात रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. राघो मिस्त्री म्हटलं की शहापूरपासून मुरबाडपर्यंत कोणीही पत्ता सांगेल. चौतीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठ टेकून पडतोय. आता पाठच म्हणते, बस कर. डॉक्टर म्हणाला मणका झिजलाय. माझी बायको गीता म्हणते, "गाडीखाली झोपायचं वय हाय का तुमचं?" तिचं बरोबर आहे, पण तिला तसं सांगायची सोय नाय. तर ठरवलं होतं, हा उन्हाळा कसाबसा काढायचा आणि मोठी कामं बंद. ऑइल, ब्रेक, बारीकसारीक तेवढं बघायचं. आणि नेमका तेव्हाच हा वाळू.

वाळू वरच्या डोंगरातला, उंबरवाडीचा. त्याची वीस वर्षांची जुनी डिझेल पिकअप, मागे पाण्याची प्लास्टिकची टाकी बांधलेली. होळी झाली की वाडीची विहीर तळ दाखवते. मग पायथ्याच्या एका बागेतल्या विहिरीवर टाकी भरायची आणि वर न्यायची, हे त्याचं काम. तिकडे भातसानगरला एवढं धरण भरलेलं, ते पाणी मुंबईला जातं, आणि इकडे वाळू टाकीनं पाणी चढवतो. ह्यावर बोलून बोलून आमची तोंडं दुखली, आता कोणी बोलत नाय. गाडी एक टनाची, पाणी दीड टन. मागचा एक्सल एका उन्हाळ्यात दोनदा तुटला. दोन्ही वेळा मीच जोडून दिला आणि दोन्ही वेळा शिव्या घातल्या.

"मिस्त्री, मुरबाडच्या भंगारात एक उलटलेली पिकअप आलीय," वाळूनं पुन्हा तेच सुरू केलं. "नवीन गाडी. केबिन गेली, पर खालचे दोन्ही एक्सल ठणठणीत. जाड हायेत. तेवढे माझ्या गाडीला बसवून द्या."

"बसवून द्या म्हणजे? बांगडी हाय का ती?" मी भडकलो. "रुंदी वेगळी, स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक वेगळी. अर्धी गाडी कापावी लागंल. माझ्याच्यानं नाय व्हायचं. कल्याणला जा."

तेव्हा बारकी बोलली. वाळूची बायको. इतका वेळ दाराशी उभी होती.

"सव्वीस तारखेला आमच्या रविनाचं लगीन हाय, मिस्त्री. वऱ्हाड धरून दोनशे माणूस. त्या दिवशी गाडी चढावर बसली तं पावण्यांना हात धुवायला पाणी नाय. आमचं नाक जाईल."

"त्या दिवसापुरती दुसऱ्याची गाडी सांगा."

"त्या चढाला दुसरं कोण येतंय?"

कोणी येत नाय, हे मलाही माहीत होतं. आणि रविना मला माहीत होती. लहान होती तेव्हा बापाबरोबर केबिनमध्ये बसून यायची, पानाच्या दोण्यात करवंदं आणायची, आणि मी गाडीखाली असलो की दोणा तिथंच माझ्या हाताजवळ सरकवायची. मी हात पुसले. म्हटलं, "बरं. पण हे शेवटचं मोठं काम." घरात गीतानं भांडं आपटलं.

नऊ दिवस गेले त्या कामात. मे महिन्यातलं ऊन, वर पत्रा, खाली तापलेलं लोखंड. जुने दोन्ही एक्सल चाकांसकट ओढून कोपऱ्यात टाकले. नवे त्यांच्याच चाकांसकट खाली सरकवले. रुंदी जमेना, म्हणून पाट्यांच्या बैठका कापून चार बोटं आत घेतल्या आणि पुन्हा वेल्डिंग मारलं. इंजिनाकडून मागच्या एक्सलला जाणारा फिरता दांडा लांब पडला, तो मुरबाडला नेऊन लेथवर कापून आणला. ब्रेकचे पाइप नवे. वेल्डिंग मारायला बसलो की लाइट जायची, लाइट आली की माझी कंबर जायची. वाळू रोज डबा घेऊन यायचा, पाना हातात द्यायचा, आणि दर तासाला विचारायचा, "होईल ना, मिस्त्री?" नवव्या दिवशी मी त्याच्यावर खेकसलो, "परत इचारलंस तं पाना फेकून मारीन." तो हसला. मला हसायचीही ताकद नव्हती.

दहाव्या दिवशी टाकी भरून म्हसा गावापर्यंत जाऊन आलो. गाडीनं हूं की चूं केलं नाय. चाकं मोठी आली म्हणून स्पीडचा काटा तेवढा आता खोटं बोलतो, पण उंबरवाडीच्या चढाला स्पीड कोणाला पाहिजे? मी स्वतःवर खूश झालो. पुष्कळ दिवसांनी झालो.

दुपारी बारकी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. गाडीची पूजा आमच्याकडेही करतात, चाकाला एक बोट हळद, एक बोट कुंकू, झालं. पण हिची रीत वेगळी. ती चाकाच्या एकेका नटाला कुंकू लावत बसली.

"अगो, एवढं कशाला?" मी म्हटलं.

"आमच्यात असंच. ज्याच्यावर भार, त्याला कुंकू."

चारी चाकं झाली. सहा सहा ठिपके. ऊन डोक्यावर आलेलं. माझ्या कंबरेत कळ मारत होती, मी दाराला धरून उभा होतो. तेवढ्यात बाई वाकून गाडीच्या मागं खाली शिरली. तिथं स्टेपनी टांगलेली होती.

"आता तिथं काय?"

"ही बी चाकच ना?" ती खालून म्हणाली. मग जरा थांबून, "मिस्त्री, हिला पाचच भोकं हायेत. बाकीच्यांना सहा."

"बारकीबाई, कुंकू लावायला आलात का हिशोब तपासायला? आटपा, मला जरा पडायचंय."

ती हसत बाहेर आली, गुडघे झटकले. वाळूनं नारळ फोडला. गाडी गेली आणि मी आत जाऊन झोपलो.

सव्वीसला वाळू मला न्यायला सकाळी सापगावात आला. "तुमी केबिनमधे बसल्याशिवाय मी चढ चढायचो नाय," म्हणाला. गीता गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायथ्याला टाकी भरली आणि चढाला लागलो. गाडी अशी चढत होती की वाळू मधेच स्टेअरिंगवर थाप मारायचा, "बघा, मिस्त्री, बघा!" मी बाहेर बघत होतो, पण ऐकत होतो एक्सलकडेच. आवाज नाय, धक्का नाय.

वाडी दीड किलोमीटर राहिली आणि डाव्या अंगाला दरडीचा दगड लागला. मागचं चाक फुस्स करून बसलं. उतरून बघितलं तर टायरची बगल हातभर फाटलेली.

"काय नाय, स्टेपनी हाय," वाळू म्हणाला. चाकांना दगड लावले, जॅक लावला, फाटकं चाक काढलं, स्टेपनी सोडवून आणली. मी सावलीत बसून सुपारी कातरत होतो.

"मिस्त्री, बसत नाय ओ."

"उलटी धरली असशील."

"नाय. बसतच नाय."

मी उठून गेलो. हबला सहा बोल्ट. स्टेपनीला पाच भोकं. पाची भोकांवर बारकीचं कुंकू, वर धूळ बसलेली. जुनी चाकं कोपऱ्यात टाकली, नवी चार आली, आणि पाचवं जुनंच खाली लटकत राहिलं. नुसता टायर बदलावा तर जुना टायरही एक नंबर लहान. चौतीस वर्षांत असली चूक शिकाऊ पोरानं केली असती तर मी त्याला कानाखाली मारून घरी पाठवला असता.

"माझं बी ध्यान गेलं नाय," वाळू म्हणाला.

"गप रे! तुझं काम हाय का ते? मला शिव्या दे!" मी ओरडलो. त्यानं शिव्या दिल्या नाय. मान खाली घालून चाकाशेजारी बसला, आणि तेच मला जास्त लागलं.

फोनला रेंज लागली तशी त्यानं भावाला बोलावलं. जगदीश मोटरसायकल घेऊन आला. फाटकं चाक मागे बांधून तो मुरबाडला गेला, आणि पोरीचा बाप म्हणून वाळू वर वाडीत निरोप घेऊन गेला. टायर मिळून, चढवून, परत यायला संध्याकाळ. लग्न दुपारी बाराचं. मी रस्त्यात दीड टन पाण्याजवळ एकटा बसलो.

मग वरून बायका आल्या. हंडे, कळश्या, बादल्या. पुढं बारकी, नव्या लुगड्यात, हाताला पोरीची हळद. ती थेट गाडीजवळ आली आणि रस्त्यात पडलेली स्टेपनी बघून थांबली.

"मी बोलले व्हते," ती म्हणाली.

"व्हय. तुमी बोललात. मी ऐकलं नाय. चुकलं माझं, बारकीबाई."

मला वाटलं आता ती तोंड सोडेल. सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं टाकीच्या नळाखाली हंडा लावला, भरला, आणि माझ्यापुढं केला.

"चुकलं तं चुकलं. उचला."

उचलला. डोक्यावर घ्यायची सवय नाय, खांद्यावर घेतला. मागून एक म्हातारी ओरडली, "मिस्त्री, पदर घ्या डोक्यावर, ऊन लागंल!" बायका खो खो हसल्या. दीड किलोमीटर चढ. इस्त्रीचा शर्ट भिजला, कंबर आहे का गेली ते कळेना. दर वळणाला वाटायचं इथंच ठेवावा. पण पुढं बारकी दोन हंडे घेऊन चालत होती, एकदाही मागं न बघता.

जांभळीच्या फांद्यांचा मांडव. लग्न लावणारी धवलेरीण गाणी गात होती. हळदीनं पिवळी झालेली रविना पाटावर बसलेली, आंघोळीच्या पाण्याची वाट बघत. मला हंडा घेऊन येताना बघून ती अर्धी उठलीच. "काका, तुमी?" माझाच हंडा तिच्या डोक्यावर ओतला. रडू आलं, खोटं का बोलू. तोंड फिरवून पुन्हा खाली गेलो. तशा किती खेपा झाल्या ते आठवत नाय.

लग्न लागलं, दोन तास उशिरानं. भात झाला, वरण जरा दाटच झालं. आणि हात धुवायची वेळ आली तेव्हा मांडवात एकच बादली. वऱ्हाडातला एक म्हातारा उष्टा हात धरून मोठ्यानं बोललाच, "पोरगी बरी हाय, पर हात धुवायला पाणी नाय!" चार माणसं हसली. बारकी तिथंच वाढत होती. तिची पळी थांबली, मग पुन्हा चालली. ती ज्याला भीत होती ते झालं होतं, आणि ते माझ्यामुळं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः मुरबाडला गेलो आणि शोधून सहा भोकांचं चाक आणलं, चांगल्या टायरसकट. वाळूला गाडी घेऊन बोलावलं. बारकी बरोबर आली, हातात ताट. रविना सासरी गेली होती. चाक खाली टांगून मी बाहेर आलो आणि म्हटलं, "लावा कुंकू."

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. "तुमीच लावा."

गीता दारात उभी होती. मी पोतं टाकलं आणि पुन्हा गाडीखाली पाठ टेकली. मणका ओरडला. अंगठ्यानं एकेका भोकाला कुंकू लावत गेलो.

"किती?" बारकीनं वरून विचारलं.

"सहा."

"परत मोजा," ती म्हणाली.

मी परत मोजली.