फळ्यावरचे ऐंशी गुण

डोळे मिटा पाहू क्षणभर. समजा, तुमच्या हातात एक तक्ता दिला आहे. त्या तक्त्यावरून घरातल्या प्रत्येकाला गुण द्यायचे आहेत. तरुण असेल तर गुण जास्त, म्हातारा असेल तर कमी. शिकलेला असेल तर इतके, अमुक भाषा येत असेल तर तितके. सगळ्यांची बेरीज करायची, आणि पासष्ट भरतील त्यालाच दारातून आत घ्यायचं. आजोबांना किती मिळाले? शून्य? आईला? आता डोळे उघडा. असा तक्ता खरोखर असतो. दूरदेशी जाऊन कायमचं राहायचं असेल, तर काही देश तो आधी पुढे ठेवतात. जागा थोड्या आणि येणारे फार, तेव्हा त्यांना काहीतरी मोजमाप हवंच. मोजमापात वाईट काही नाही. ते कुणाच्या हातात पडतं, हे मात्र बघावं लागतं.

रामनगरात ते गुरुदासच्या हातात पडलं.

गुरुदास म्हणजे मयूरीचा काका. बेळगाव-गोवा रस्त्याला लागून तिच्या आजोबांचं, नारायणरावांचं, सिमेंट आणि पाइपचं दुकान, आणि मागे घर. मयूरी सहावीत. तिचं गणित इतकं पक्कं, की आजोबा यंत्र बाजूला ठेवून तिलाच बेरीज विचारत. काका छत्तीस वर्षांचा. पदवी होती, ती त्याने काचेत बसवून गल्ल्यामागे टांगली होती. सकाळी अकराला दुकानात यायचा आणि एकला जेवायला उठायचा. या दोन तासांचं नाव ‘व्यवस्थापक, पाच वर्षांचा अनुभव’. तसं प्रमाणपत्र त्याने वडिलांकडून लिहून घेतलं होतं. मजकूर अर्थात त्याचाच. वडिलांनी फक्त सही केली.

बेळगावच्या एका एजंटाने त्याला परदेशाचा तो तक्ता दिला, आणि गुरुदासला माणसं दिसायचीच बंद झाली. गुण दिसायला लागले. दुकानाबाहेर सिमेंटचा दर लिहायचा काळा फळा होता. दर पुसून त्याने त्यावर गावाला गुण दिले. झिलू दूधवाला, दहा. महाबळेश्वर मास्तर, पंधरा. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, ‘गुरुदास, ऐंशी’.

कुंभारवाडा गावाहून धाकलू पाइप न्यायला आला. रानातला माणूस, पाठीवर कंदांचं पोतं, ते बाजारात घालून पाइप घेऊन जायचा. गुरुदास त्याला म्हणाला, “धाकलू, वय किती रे तुझं?”

“असंल पन्नास. आई असती तर इचारलं असतं.”

“वयाला शून्य. शिक्षण?”

“शाळेच्या छपराची कौलं मी घातली न्हवं?”

“शून्य. इंग्रजी?”

धाकलू नुसता हसला.

“एकूण शून्य!” गुरुदासने खडू उचलून लिहिलंसुद्धा. “तुला कुठलाच देश घेणार नाही बघ.”

“बरं झालं की,” धाकलू पाइप खांद्यावर टाकत म्हणाला. “म्हंजे मला कोण उचलून न्हेणार न्हाई. तू तेवढा जपून ऱ्हा बाबा.”

मयूरीला हसू आवरेना. काकाने डोळे वटारले, म्हणून तिने वहीत तोंड घातलं. ज्याला पाइपची मापं अजून पाठ नाहीत, त्याने कौलं घालणाऱ्याला शून्य द्यावं, हे तिला गणितात कुठेच बसवता येईना.

आता परदेशी जायच्या या अर्जाबद्दल घरात आणखी एका माणसाला काही वाटत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. ती मयूरीची काकू, मनीषा. रस्त्यापलीकडच्या छोट्या दवाखान्यात ती आठ वर्षं नर्स होती. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण त्याच देशात गेली होती. तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे फोटो ती पाठवायची. मनीषा ते भाकऱ्या थापताना बघायची, पीठ लागलेल्या बोटाने मोठे करून बघायची. मयूरीला ती एकदा म्हणाली होती, “इतक्या सगळ्या मशिनी, आणि एकेका नर्सकडं चारच पेशंट. मला एकदा तिथं काम करून बघायचं हाय गे.” नवऱ्यासमोर मात्र ती यातलं काही बोलत नसे. तक्ताही तिने पाहिला नव्हता. तो गुरुदासच्या खणात, कुलपात होता. भाषेच्या परीक्षेला तेवढं त्याने तिला बरोबर नेलं होतं, कारण एजंट म्हणाला होता, बायकोला बरी भाषा येत असेल तर नवऱ्याचे गुण वाढतात.

गुरुवारी मयूरीला शाळेची सुट्टी होती. दुपारी परीक्षेचे निकाल आले. एका पाकिटात दोन कागद. गुरुदासने आपला काढला, वाचला, आणि पुन्हा वाचला.

“पेपर तपासणाऱ्याला काही अक्कल?” तो म्हणाला. भाषेचे वीस गुण त्याने आधीच धरून ठेवले होते. तिथे शून्य आलं होतं. “मयूरी, इकडे ये. बेरीज कर. वय पंचवीस, अनुभव दहा, पदवी पंधरा, बायकोचे दहा.”

“साठ,” मयूरी म्हणाली. “पासष्ट लागतात ना काका?”

“पाच कमी. पाच म्हणजे काहीच नाही.” माणसाला स्वतःचे कमी पडलेले पाच किती हलके वाटतात बघा! “बेळगावात क्लास लावतो. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा.”

फळ्यावरचे ऐंशी पुसावे, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

मनीषा जेवायला आली होती. ताटावरून हात न उचलता ती म्हणाली, “सहा महिने? माझं वय मोजत न्हाईत काय? मंगळवारी मला तेहतीस पुरी होतात.”

“तुझं वय?” गुरुदास आमटी ओरपत हसला. “अर्ज माझा. तू जोडीदार. जोडीदाराचं वय कोण विचारतंय? तू नुसतं सामान बांध.”

मनीषाने ताट उचललं, धुऊन पालथं घातलं आणि ती ड्युटीवर गेली. चारला तिची पाळी संपायची. ताट धुण्याआधी तिने भात तसाच टाकलेला मयूरीने पाहिला. काकू कधी भात टाकत नसे.

काकाने बेरजेसाठी खणातून काढलेला तक्ता टेबलावर उघडा पडला होता, शेजारी दोन कोरे अर्ज आणि ते पाकीट. मयूरीने पाकिटातला दुसरा कागद काढला, जो काकाने बघितलाच नव्हता. ‘मनीषा. भाषा: चांगली.’ तक्त्यात चांगलीला दहा. मग तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि काकूलाच वरती ठेवून बेरीज मांडली. वय बत्तीस, तीस गुण. भाषा दहा. आठ वर्षं नर्स, पंधरा. नर्सिंगची पदविका, दहा.

पासष्ट.

जोडीदाराची ओळ राहिली होती. जोडीदाराला लागणारं काम आणि भाषा येत असेल तर दहा, नुसती भाषा येत असेल तर पाच. अर्जदार एकटाच असेल तर त्यालाही दहा. जोडीदार असून त्याला दोन्ही येत नसेल, तर शून्य. मयूरीने शून्य लिहिलं. तरी पासष्ट. मग तिने तेहतीस वयाची ओळ पाहिली. तेहतिसाला तीसचे पंचवीस होत होते. वय अर्ज देण्याच्या दिवशीचं धरणार, असं खाली लिहिलं होतं. मंगळवारी काकूचेही पाच कमी पडणार होते!

“काका!” ती ओरडली. “काकूचे पुरे भरतात! अर्ज काकूच्या नावानं द्यायचा. तू जोडीदार व्हायचं.”

गुरुदासने वही ओढून घेतली. वाचता वाचता त्याची नजर त्या शून्यावर अडली.

“हे कुणाचं?”

“तुझं. तू नसतास तर दहा मिळाले असते.”

आजोबांना ठसका लागला. गुरुदासचे कान लाल झाले. “मी बायकोच्या पदराला धरून विमानात बसू? मुख्य अर्जदार म्हणजे घरचा कर्ता! बाप्या माणूस! कळतं काय तुला?”

कोपऱ्यात इंदुबाई आज्जी लसूण सोलत होती. मयूरी तिच्याकडे वळली. “पण रेशनकार्डावर कर्ती आज्जी हाय न्हवं? काका, तूच लिहून आणलंस. पहिल्या नावावर आज्जी, तिच्याखाली आजोबा, मग तू.”

इकडे कर्नाटकात घरच्या कर्त्या बाईच्या नावानं महिन्याला सरकारी पैसे येतात. ते सुरू झाले, तेव्हा याच गुरुदासने जोयड्याच्या तालुका कचेरीत दोन दिवस रांग धरून आईला घरची कर्ती केली होती. तेव्हा त्याच्या मिशीचा एक केससुद्धा वाकडा झाला नव्हता.

“ते वेगळं,” गुरुदास म्हणाला.

“कसं रे वेगळं, गुर्‍या?” इंदुबाईने लसणाची पाकळी सुपात टाकली. “तवा मी कर्ती चालले. आता सून का चालंना?”

“तू गप बस आई. तुला यातलं कळत नाही.” त्याने वहीचं पान फाडलं, त्याचा बोळा केला आणि खिडकीतून फेकला. “सहा महिने थांबायचं. मी सांगतोय ना? झालं!” आणि एवढा मोठा निर्णय घेतल्याचा थकवा आला म्हणून तो आत जाऊन झोपला. दहा मिनिटांत घोरायला लागला.

नारायणराव खिडकीबाहेरच्या बोळ्याकडे बघत राहिले. प्रमाणपत्रावरची सही आठवत असावेत.

घड्याळात सव्वातीन झाले होते. बेळगावची बस साडेचारला. एजंटाचं दुकान शनिवारपर्यंत उघडं. मयूरीने मनात ही बेरीजही केली. मग कोरा अर्ज, तक्ता आणि काकूचा निकाल दप्तरात घातला. बोळा आणायला गेली नाही. बेरीज तिला पाठ होती.

“काय करूलैस गे?” आज्जीने विचारलं.

मयूरी थांबली. आज्जी गुडघ्यावर हात देऊन उठली, फडताळातून रेशनकार्ड काढलं आणि दप्तरात सरकवलं. “पत्त्याला काय तरी कागूद लागंलच. आणि ह्यो ताकाचा तांब्या घे. कोण इचारलं तर ताक द्यायला गेलते म्हण. खोटं बी न्हवं.”

दुकानासमोरून जाताना मयूरीला फळा दिसला. ‘गुरुदास, ऐंशी’ अजून ठळक होतं. ते पुसायची तिला फार फार इच्छा झाली. पण दोन्ही हातांत ताक होतं, आणि त्या ऐंशींसाठी ताक खाली ठेवावं, एवढी काही त्यांची किंमत नव्हती. दोन ट्रक जाऊ दिले आणि तिने रस्ता ओलांडला.

दवाखान्यात मनीषा औषधांच्या बाटल्या लावत होती. मयूरीने तक्ता पुढे ठेवला आणि एकेक ओळ बोटाने दाखवली. मनीषाने बेरीज तीनदा तपासली, औषधाचं माप तपासावं तशी.

“आणि हे शून्य?”

“काका. त्याला न्हेता येतंय काकू. नुसते गुण मिळत न्हाईत.”

मनीषाला हसू फुटलं. तोंडावर हात दाबून ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि हात पुढे केला.

मयूरीने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं, आणि ताकाचा तांब्या उचलून अर्जापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवला.